बोली तेवढी मूळची

ऑफिसातून आलेल्या वरुणरावाच्या अंगात फाशांवरचा जादूच्या गोष्टीचा खेळ चालवायचं त्राण नव्हतं, पण धाकटी बहीण शांभवी फासे घेऊन अडूनच बसली होती.

"दादा, रूप पालटायचे दोन मंत्र आहेत. खेळातल्या माझ्या चेटकिणीला कुठला घेऊ?"

"दोन्ही सारखेच गं," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"सारखे कसे? पहिला नुसता डोळ्यांना फसवतो, हात लावला की आरपार जातो. दुसऱ्यानं अंगच पालटतं. बोली तेवढी मूळची राहते."

हा आवाज शांभवीचा नव्हता. त्यानं डोळे उघडले.

पापनाशमची त्याची तमिळ बायको तेन्मोळी समोर कॉफी ठेवत होती. इतक्या वर्षांत तिला घरच्या तंजावरी मराठीचं एक वाक्यही धड जुळवता आलं नव्हतं.

त्यानं हळूच तिचं मनगट धरलं. ते खरंखुरं, ऊबदार लागलं.

म्हणजे पहिला मंत्र नव्हे.