डावा हात

वैजूने वडिलांपुढे डावा हात धरला, तेव्हा तिच्या गळ्यात गाइडचा नवाकोरा स्कार्फ होता. "आमच्यात असाच हात मिळवतात, तात्या. बाई म्हणाल्या, डावा हात काळजाच्या जवळ असतो."

ओसरीवर पाहुणे बसले होते. तात्यांनी तिच्या हातावर चापट मारली. "डावा हात कुणापुढे करायचा नसतो. एवढंही वळण नाही?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी शाळेत जाऊन गाइडमधून तिचं नाव काढून टाकलं. ती रडली नाही. मात्र त्यानंतर प्रसाद असो, पैसे असोत, साधा पाण्याचा पेला असो, तिचा डावा हात कधी पुढे आला नाही. तात्या चारचौघांत त्याचं कौतुक सांगत.

आज ती नागपूरहून थेट दवाखान्यात आली. अर्धांगाच्या झटक्याने तात्यांची उजवी बाजू गेली होती, जीभही जड झाली होती. तिला दारात पाहताच त्यांना तो स्कार्फ आठवला. होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी डावा हात उचलला आणि तिच्यापुढे धरला.

वैजू खाटेवर टेकली. सवयीने तिने चादरीखालचा त्यांचा उजवा हात हळूच बाहेर काढला, आपल्या उजव्या हातात घेतला आणि बराच वेळ कुरवाळत राहिली.

त्या लुळ्या हाताला तिचा स्पर्श कळत नव्हता. ज्याला कळला असता, तो अजून तसाच पुढे होता.