चारही एकाच ठिकाणी

“सर, ब्लॉकचेनच्या चार प्रती चार कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चार वेगळ्या कप्प्यांत, चालू आहेत. एक बंद पडली तरी काम थांबत नाही. बघा.”

व्हिडिओ कॉलवर सरांना दाखवत मी एक बंद केली. तीन चालूच राहिल्या. तेवढ्यात मांडीवरच्या लेकीने चार्जर उपटला. बॅटरी मेलेला लॅपटॉप काळा झाला, चारही प्रती गेल्या.

लगेच सरांचा फोन. “अगं, चारही एकाच लॅपटॉपवर? वेगवेगळ्या मशीनवर ठेव आणि उद्या दाखव.”

लेक भुकेने रडू लागली. नवरा पेजेची वाटी घेऊन दारात. “दे, मी भरवतो.”

“माझ्याशिवाय ती कुणाकडून खात नाही,” मी रोजच्यासारखं म्हणाले, आणि काळ्या पडद्याकडे नजर गेली. लेक त्याच्याकडे दिली. तो तिला आत घेऊन गेला.

आतलं रडणं थांबलं. मी मात्र दाराला कान लावून उभी, ती परत रडते का ऐकत.