तीन हजारांश

"पुन्हा बारीक," ऑरिन म्हणाला आणि ती गोळी त्यानं परत वितळलेल्या शिशाच्या भांड्यात टाकली.

त्याची बायको अर्लीन शेडच्या दारात थर्मास घेऊन उभी होती. "किती बारीक?"

"तीन हजारांश इंच. कालच्याइतकीच."

"बरं," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार? चार दिवस हेच चाललं होतं.

कुंपणापाशी डीकन मान टाकून उभा होता. चौतीस वर्षांचं खेचर, पुढचे दोन्ही खूर कामातून गेलेले. जनावरांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या बर्फाआधी याला मोकळं करा. आणि डोंगरमाथे तर रविवारीच पांढरे झाले होते.

सुईनं मारायचं नाही, कारण ते औषध भिनलेलं मढं खाऊन गिधाडं आणि कोल्हे मरतात. मोंटानाच्या या खोऱ्यात जो तो आपलं जनावर आपल्याच हातानं मोकळं करतो. ऑरिनच्या घरी त्यापुढची रीत होती: बंदूक आजोबांची, गोळी घरच्या साच्यात स्वतः ओतलेली. गोळी नळीच्या मापापेक्षा केसभर जाड हवी. बारीक असली तर नळीत पकड धरत नाही, वाकडी जाते, आणि जनावराचे हाल होतात. माप चुकलेली गोळी भरायची नाही, हा ऑरिनच्या वडिलांचा दंडक.

अर्लीनला हे सगळं पाठ होतं. या घरातून दोन घोडे आणि तीन कुत्रे असेच गेले होते. तेव्हा साच्यानं एकदाही कुरकुर केली नव्हती.

डीकन तसा तिचा. तिच्या पन्नाशीला ऑरिननं आणून दिलेला. सुरुवातीला तीच ऑरिनच्या मागे लागली होती. "आज तरी होईल ना रे? बघवत नाही मला त्याच्याकडे."

"जनावर ते जनावर," ऑरिन म्हणायचा. "घाई करून माप चुकवू?"

अकरा वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलेल्या ऑरिनला याच जनावरानं रात्रभर चालून डोंगरावरून खाली आणलं होतं. त्याबद्दल ऑरिन कधी चकार शब्द काढत नसे.

सोमवारी धुणं होतं. ऑरिनच्या पँटच्या खिशांतून नेहमीसारखा उकिरडा निघाला: दोन खिळे, अर्धं गाजर, लोखंडाचा एक छोटा वाकडा तुकडा, सुतळी. तिनं गाजर डीकनला दिलं, बाकीचं एप्रनच्या खिशात टाकलं आणि मशीन सुरू केलं. मंगळवारपासून "आज तरी होईल ना" हे तिनं विचारणंच सोडून दिलं. माणूस किती विचारणार?

बुधवारी दुपारी शेजारचा मर्ल आला. पंचक्रोशीत कुणाचाही साचा बिघडला की मर्ल न बोलावता पोचतो.

"शिसं गरम करतोस की नुसतं शेकतोस?" त्यानं आल्या आल्या सुरुवात केली.

"गरमच आहे."

"कथील घातलंस?"

"घातलं."

"नुसतं मऊ शिसं असेल. ते थंड होताना जास्त आक्रसतं. गाडीच्या चाकांना लावायची शिशाची वजनं वितळव त्यात, कडक होईल."

"तेही केलं, मर्ल."

मर्लनं साच्याचे दोन्ही अर्धे उजेडात धरून पाहिले. फट नव्हती, गंज नव्हता. त्यानं स्वतः पाच गोळ्या ओतल्या. पाचही चकचकीत, कडा धारदार. ऑरिननं जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. "बारीक," तो पुटपुटला. त्याचा आवाज इतका थकलेला होता की अर्लीनला वाटलं, हा आता खाली बसेल.

"अरे, हातभर अंतरावरून तर मारायची!" मर्ल वैतागला. "त्याला कसलं आलंय माप?"

"बापाचा नियम आहे."

"तुझा बाप जाऊन तीस वर्षं झाली. आण इकडे ते यंत्र."

मर्लनं मायक्रोमीटर हातात घेतला. मध्ये काहीच न ठेवता त्याचे दोन्ही जबडे अलगद मिटवले आणि चष्मा वर करून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"शून्य यायला पाहिजे. तीन उणे दाखवतोय." तो हसायला लागला. "बाबा रे, तुझ्या गोळ्या पहिल्या दिवसापासून बरोब्बर आहेत! यंत्र खोटं बोलतंय."

ऑरिन चमच्यानं शिशावरची मळी काढू लागला.

"हे आपोआप नाही होत," मर्ल म्हणाला. "छोटी वाकडी किल्ली लागते." त्यानं मायक्रोमीटरची डबी उघडली. किल्लीची खाच रिकामी होती. "कुणीतरी मुद्दाम फिरवलंय."

ऑरिन आपल्या बुटांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

अर्लीननं एप्रनच्या खिशात हात घातला आणि ती किल्ली बाकावर ठेवली.

"मी फिरवलं," ती म्हणाली. "माझं खेचर आहे. नाही झालं माझ्यानं."

मर्लचं हसू मावळलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "अगं, मग सरळ सांगायचं ना," तो हळूच म्हणाला. "या बिचाऱ्याला चार दिवस शिशाच्या धुरात घातलंस. बायकांचं काळीज, दुसरं काय!" ऑरिनच्या खांद्यावर थाप मारून तो निघून गेला. त्याची गाडी वळणापलीकडे गेली.

ऑरिननं स्वतः एक गोळी ओतली आणि भांड्याखालची आच बंद केली. किल्ली घेऊन मायक्रोमीटर सरळ केला, मर्लनं ओतलेल्या गोळ्या बाजूला सारल्या आणि आपल्या हातची मोजली. बरोबर होती. ती त्यानं रुमालात गुंडाळली.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "ऊन आल्यावर."

"दावं मी धरते."

"नको."

"धरते म्हटलं ना."

त्यानं मान हलवली. डोळे पुसायला रुमाल शोधू लागला, पण त्यात गोळी होती. अर्लीननं आपल्या एप्रनचं टोक पुढे केलं.

"आणि धुण्याला टाकण्याआधी पँटचे खिसे रिकामे करत जा," ती म्हणाली. "किती वर्षं सांगतेय."