हाळीकरांची साक्ष

"आजवर किती भूमिका केल्या?" सरकारी वकील दामिनी लोहारे यांनी विचारले.

"दोनशे अकरा," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून भागवतराव हाळीकर म्हणाले. "फौजदार, पुजारी, कुलगुरू. दोनदा प्रेत."

"आणि साक्षीदार?"

"नऊदा. पैकी सातदा खोटा."

न्यायालयात हशा पिकला. आरोपीच्या जागी उभा असलेला वकार मात्र हसला नाही. मुखेडच्या आठवडी बाजारात शिवकुमार गुरुजींना गाडीखाली चिरडून मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. गुरुजींना धडक दिली ती एका जीपने. वकारने त्यांना आपल्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेले. टेम्पोत रक्त सापडले आणि तपास तेथेच तृप्त झाला. जीप कुणाची, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. म्हणूनच विचारल्यावर कुणालाच काही ठाऊक नव्हते. माणूस उचलण्याचे शौर्य आपल्याकडे असे दंडसंहितेत नोंदले जाते.

वकारचे वडील हनीफ हे लातूरचे शिंपी. शाळेच्या नाटकात भागवतरावांच्या अंगावर चढलेला पहिला अंगरखा त्यांनीच शिवला होता.

"पाच महिने गप्प का बसलात?"

"पोरालाच धरलंय, हे मला हनीफभाईंचा फोन आला तेव्हा कळलं."

"बरं. काय पाहिलंत?"

भागवतरावांचा आवाज चढला नाही, हात हलले नाहीत.

"मी जमिनीवर बसलो होतो. चेहरे दिसले नाहीत, पाय दिसले. पांढरी जीप आली. तिचं पुढचं चाक गुरुजींच्या धोतरावर चढलं. चालवणारा उतरला. त्याच्या पायात पांढरे बूट. ते दोन पावलं पुढं आले, थांबले, मागं फिरले. जीप निघून गेली. मग निळ्या स्लिपरा धावत आल्या. एकीचा पट्टा तुटला. ती तिथंच टाकून तो अनवाणी पाय गुरुजींना उचलायला वाकला."

वकारने चमकून वर पाहिले. तुटलेल्या पट्ट्याची गोष्ट त्याने घरीसुद्धा सांगितली नव्हती.

"इतके प्रसिद्ध नट तुम्ही," दामिनीबाई म्हणाल्या, "आणि भर बाजारात एकानंही ओळखलं नाही?"

"बाई, चाळीस वर्षं टीव्हीवर काढली. आज दारातल्या शिपायानं मला विचारलं, 'मामा, तुमची तारीख हाय का?' लोक माझा फौजदार ओळखतात, माझा पुजारी ओळखतात. मला कुणी ओळखत नाही. तोच तर माझा धंदा."

न्यायाधीशांनी चष्मा सावरून त्यांना नीट न्याहाळले. त्यांच्या घरी रोज रात्री जेवताना भागवतरावांची मालिका लागत असे. ओळख मात्र त्यांनाही पटेना. दामिनीबाई खाली बसल्या.

तीन आठवड्यांनी वकार निर्दोष सुटला.

बाजाराच्या दिवशी हनीफभाई हट्टाने भागवतरावांना मुखेडला घेऊन आले. वकार सोबत होता. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या पाट्या, दावणीची जनावरे यांतून वाट काढत तिघे त्या जागेपाशी पोचले. हनीफभाईंचे डोळे भरून आले.

"अल्लानं तुला त्या दिशी हितं बसवलं, भागवत," ते म्हणाले.

"मग काका, मला कसे काय दिसले न्हाईत तुमी?" वकारने विचारले. "कुठं बसून राहिले होते?"

भागवतरावांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांना कुठे उभे राहावे हे कळेना.

कडेला गोणपाटावर चिंच विकत बसलेल्या म्हाताऱ्या गुरम्माने आपली पाटी सरकवली.

"इल्ली बा, हितं ये रं," ती म्हणाली. "माजी अर्धी कानडी साक्ष ठाण्यात कुनी लिवून घेतली न्हाई. तू चार दिसांत लई बेस पाठ केलंस. आता जागा तरी बगून घे."