सतरा नंबरच्या उलट

सतरा नंबरच्या गिऱ्हाइकानं सकाळी पुन्हा युरो घेतला आणि छायानं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"किती घेतला?" तिनं विचारलं.

"कालच्या दुप्पट," मोहिनी फोन ठेवत म्हणाली. "म्हणतो, एवढा पडलाय म्हणजे आता वर येणारच."

येतोय कशाला. २००८चा ऑक्टोबर चालू होता. जगभरातल्या बँका बसत होत्या आणि युरो डॉलरपुढे रोज घसरत होता. पण हरणाऱ्याला शहाणपण शिकवणार कोण?

कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसला पाटी नव्हती. गिऱ्हाईक तिथं कधी यायचं नाही. सौदा मोबाइलवर, आणि पैसे घ्यायला मालक यादवशेठचा माणूस ठरलेल्या चहाच्या टपरीवर. नावं फक्त शेठच्या डायरीत, बाकी सगळा कारभार नंबरावर. फोन मोहिनी घ्यायची, सौदे कॉम्प्युटरवर छाया चढवायची. फोन उचलला तरी आपण गप्प राहायचं, समोरच्यानं आधी नंबर सांगायचा, असा नियम. घरी तर अवाक्षर काढायचं नाही. छायानं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, एका सीएकडे टायपिंग करते.

पहिल्याच आठवड्यात तिनं भाबडेपणानं विचारलं होतं, "शेठ, हे सौदे लंडनला कसे जातात हो?"

यादवशेठ पोट धरून हसले. "अगं बाई, तिकडं बँका बँकांशी बोलतात. कोटींच्या खाली तोंड उघडत नाहीत. त्यांच्या घ्यायच्या आणि विकायच्या भावात केसाएवढं अंतर. आपण स्क्रीनवर तोच भाव बघायचा, अंतर चौपट करायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचा. सौदा कुठं जात नाही, इथंच राहतो. तो घेतो ते आपण विकलं. तो हरला की आपण जिंकलो."

"आणि तो जिंकला तर?"

"दहा हजार ठेवून दहा लाखांचा युरो खेळणारा किती दिवस जिंकेल? भाव एक टक्का हलला की दहा हजार साफ."

छायाला धक्काच बसला. पण पगार सहा हजार, घरमालकानं दिवाळीनंतर खोली रिकामी करायला बजावलेलं, आणि पाथर्डी फाट्यावरच्या वन रूम किचनच्या बुकिंगला दिवाळीच्या आत एक लाख रोख हवे होते. धक्का किती दिवस पुरणार?

मग तिच्या लक्षात आलं, सतरा नंबर कायम हरतो. त्यानं घेतलं की भाव पडतो, विकलं की चढतो. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि शेठला म्हणाली, "फक्त सतरा नंबरच्या उलट मला भागी द्या." तो हरेल त्यात रुपयामागे चार आणे तिचे, जिंकला तर तेवढाच तोटाही तिचा, असं ठरलं. शेठला काय, जोखीम तेवढीच कमी.

असेल कुणी सायखेड्याचा द्राक्षवाला, पैसा उतू चाललेला, अशी ती मनाची समजूत घालायची. दोन महिन्यांत तिचे ब्याण्णव हजार झाले.

काल संध्याकाळी तिला राहवेना. नवरा भारत अंबडच्या कंपनीतून डबा घेऊन परत आला, तेव्हा तिनं त्याला कपाटातली थैलीच दाखवली. सुपरवायझर झाल्यापासून त्याच्या शर्टाला ऑइलचा डागही नसायचा. "ओव्हरटाइमचे, आणि पाटल्या मोडल्या त्यांचे," ती म्हणाली.

त्यानं थैलीतल्या नोटा दोनदा मोजल्या. "एवढे साठवलेस?" म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. छायाला फार बरं वाटलं.

आज मोहिनी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे गेली, म्हणून फोनही छायाकडेच आला. साडेबाराला युरोपचे बाजार उघडले आणि युरो दगडासारखा खाली गेला. सतरा नंबरची ठेव संपत आली. स्क्रीनवर आकडा लाल झाला, म्हणजे ठेव संपली. तिनं सौदा कापला.

सतरा नंबरचे उरलेले चाळीस हजार गेले. छायाला दहा मिळाले. लाख पुरे झाले, वर दोन हजार. फ्लॅट आपला झाला, या आनंदानं तिला रडूच आलं. डोळे पुसतेय तोवर फोन वाजला. तिनं उचलला आणि नियमाप्रमाणे गप्प राहिली.

"सतरा बोलतोय. सौदा कापला ना, मोहिनी मॅडम? कंपनीनं काढताना हातावर ठेवलेले चार लाख संपले बघा."

छायानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"तुमच्या माणसाला टपरीवर पाठवा. आणखी ब्याण्णव हजार आणलेत, सगळ्याचा युरो घ्या. बायकोचे आहेत, तिला कळायच्या आत दुप्पट करून ठेवून देतो," भारत म्हणाला.