मशीन तयार आहे

"मशीन तयार आहे, घेऊन जा, असा मेसेज काल संध्याकाळी आला," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली. "आईच्या नावानं. पण आईला जाऊन तीन वर्षं झाली."

दुकानाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत, चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला. शिलाई मशीन दुरुस्तीचं हे दुकान त्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी उभं केलं होतं. त्या मुलीची आई त्यांना लख्ख आठवत होती. काळं पायमशीन, सारखा तुटणारा पट्टा, आणि दारातूनच सुरू होणाऱ्या गप्पा. ते मशीन कधीच दुरुस्त होऊन घरी गेलं होतं.

मुलगी भांडली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं होतं, आईनं दुसरं एखादं मशीन दुरुस्तीला टाकलं असेल आणि न्यायचं राहून गेलं असेल. आणलेली पिशवी घडी घालून ती तशीच परत गेली.

महिन्याभरातलं हे तिसरं प्रकरण. सगळी जुनी गिऱ्हाइकं, आणि एकाचंही मशीन दुकानात नाही.

पूर्वी असं होत नसे. बुटांच्या खोक्यांत गिऱ्हाइकांची कार्डं असत. तेलपाण्याला यायचं असेल तर कार्डाला लाल दोरा, मशीन तयार झालं की हिरवा. ती कार्डं तीस वर्षं दुकानातल्या एकाच मदतनीस बाईनं सांभाळली. तिचं नावच कार्डवाली पडलं. मशीन उघडायच्या बाई, बोलवायची कार्डवाली, अशी वाटणी होती. दोघींत एक डबा, एक छत्री, आणि जगातल्या समस्त नवऱ्यांबद्दल एकच मत.

मग बाईंच्या लेकीनं कॉम्प्युटर आणला. गिऱ्हाइकाच्या नावावर टॅग लावायचा, की पुढचं आपोआप. 'तेलपाणी' लावला की वर्षानं आठवण जाते. 'तयार' लावला की बोलावणं जातं. कार्डवालीनं हे पहिल्याच दिवशी उचललं. टॅग म्हणजे आपला दोराच की, ती म्हणाली होती, फक्त गाठ मारावी लागत नाही.

गाठ नाही हेच वाईट, असं बाईंना आता वाटत होतं. गाठ मारताना माणूस दोनदा विचार करतो.

त्यांनी लेकीला सांगून सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून घेतलं. तो बाराला आला, दारामागच्या खिळ्याला पिशवी अडकवली आणि थेट कॉम्प्युटरशी बसला. बाईंनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. लिहून मात्र काही घेतलं नाही.

"कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही, बाई," तो म्हणाला. "टॅग कुणीतरी लावतंय. संध्याकाळचे पाच वाजले की दिवसभराचे मेसेज जातात. चुकून लागलेला टॅग पाचच्या आत काढला, तर काही जात नाही." मग कार्डवालीकडे वळून त्यानं विचारलं, "पाचचीच वेळ ठेवू ना?"

कार्डवालीनं मान हलवली.

बाईंनी विचारलं, लावतंय कोण? त्यानं पडद्यावर यादी काढून दिली. 'तयार', 'तयार', 'तयार', आणि प्रत्येक ओळीपुढे कार्डवालीचं नाव.

"आई, कॉम्प्युटर रोज तिच्याच नावानं उघडतो," लेक म्हणाली, "त्यामुळे त्यावर कुणीही—"

"माझ्याच हातून झालं असेल," कार्डवाली मध्येच म्हणाली. "काल दाढ काढायला तीनलाच गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं."

तिनं हे इतक्या सहज कबूल केलं की बाई गोंधळल्या. दाढ काल दुखत होती. मग आधीच्या दोन वेळांचं काय? जिला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सासूचं नावसुद्धा पाठ, तिला कुणाचं मशीन घरी गेलं एवढं आठवू नये? वय कुणाला चुकलंय, त्यांनी मनाशी म्हटलं.

दुपारभर त्या मशीनं उघडायच्या आणि तशीच मिटायच्या. मध्येच उठून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायच्या, जुनी नावं वाचत. इतक्या वर्षांची सोबत एकीकडे. दुसरीकडे ती घडी घातलेली पिशवी. आज मेलेल्या माणसाला बोलावणं गेलं, उद्या आणखी कुणाला जाईल. दुकानाचा शब्द एकदा गेला की उरतं काय?

लेकीला बाजूला घेऊन त्यांनी बेत सांगितला. कार्डवालीला मानानं घरी बसवायचं. एरवी भाजीत मीठ किती यावरही वाद घालणारी लेक म्हणाली, "तुला योग्य वाटेल तसं कर, आई." आणि खिडकीकडे बघत राहिली.

असं काम आपोआप होऊ नये म्हणून बाईंनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. तुझ्यामुळे दुकान उभं राहिलं, आता तू विश्रांती घे, राग मानू नकोस. लिहिताना दोनदा चष्मा पुसावा लागला. साडेचारला त्यांनी पाकीट कार्डवालीच्या हातात दिलं.

"घरी जाऊन वाच," त्या म्हणाल्या. "आणि येत जा गं अधूनमधून."

"येईन की," कार्डवाली म्हणाली. तिनं बाईंच्या खांद्यावरून शाल नीट केली. लेक बाईंचा हात धरून त्यांना पायरीवरून उतरवून घेऊन गेली.

कार्डवालीनं पाकीट फोडलं नाही. तिनं टेबलाचा खालचा खण ओढला. आत तशीच आठ पाकिटं होती, सगळ्यांवर बाईंचंच अक्षर. नववं त्यांच्यावर ठेवून तिनं खण लावला, घड्याळाकडे पाहिलं, आणि बाईंनी आज दुपारी लावलेले चार टॅग एकेक करून काढायला बसली.