मोठ्या टायपातली पुस्तकं

"हेही गोग्गोडच असणार," आई म्हणाली. पुस्तक तिनं अजून उघडलंही नव्हतं. नुसतं मुखपृष्ठ पाहिलं होतं: पांढरं लाकडी घर, व्हरांड्यात झोपाळा, झोपाळ्यावर पाय सोडून बसलेली बाई. "ही विधवा. गावात नवा पाद्री आलेला. बाई देवावर रुसलेली. शेवटच्या पानापर्यंत दोघांशीही गट्टी. खोटं ठरलं तर बोल."

"वाचून तर बघ," म्हणत सुनेत्रानं लायब्ररीची पिशवी सोफ्यावर रिकामी केली.

आईला मत विचारावं लागत नसे. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलेली बाई ती. इथं अमेरिकेत ट्रॉयला लेकीकडे आली तेव्हा डोळे अधू झालेले, आणि लायब्ररीतलं मोठ्या टायपाचं कपाट म्हणजे सगळा हाच माल. वरच्या फळ्यांवर प्रार्थनेनं सुटणारे संसार, खाली दक्षिणेतल्या जॉर्जिया-अलाबामाकडच्या मावश्या, त्यांच्या भानगडी आणि त्यांचे केक. आई नावं ठेवत ठेवत सगळं वाचायची. "देववाल्या बायकांपेक्षा त्या दक्षिणेकडच्या बऱ्या," असा तिचा निकाल होता. "देववाल्यांच्यात कुणी वाईट वागलं की लगेच रडून माफी मागतं. काय मजा त्यात? या निदान मेलेल्या माणसाच्याही कुचाळक्या करतात. आणि मयत काय रंगवतात गं! माणूस गेलं की अर्धं गाव भांडी घेऊन दारात. कुणाचं चिकन, कुणाची मॅकरोनी, वर कुणाचं बेचव झालंय त्याचीही चर्चा. अगदी आपल्याकडल्यासारखं."

हा निकाल महिन्यापूर्वीचा. त्यानंतर डॉक्टर श्रीरामांनी सुनेत्राला पार्किंग लॉटमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, की आईच्या पोटातलं आता सगळीकडे पसरलंय, करण्यासारखं काही उरलेलं नाही. महाराष्ट्र मंडळातले, घरचेच म्हणावेत असे डॉक्टर. तेसुद्धा बोलताना गाडीच्या किल्लीशी चाळा करत होते. सुनेत्रानं कॉलिंग कार्डावरून अमरावतीला भावाला फोन लावला. "आईला काही कळता कामा नये, ताई," निमिष म्हणाला. "ती हाय खाईल." झालं. आईला अल्सर झाला. अल्सर, आणि दोन्ही वेळा मऊ भात.

तेव्हापासून सुनेत्रा लायब्ररीत कपाटाशी उभी राहून आधी शेवटची प्रकरणं वाचायची. हॉस्पिटल दिसलं, ठेव परत. कुणी नुसतं खोकलं तरी ठेव परत. दुसरं काय करणार होती बिचारी? औषध नव्हतं, ऑपरेशन नव्हतं. तेवढंच काय ते तिच्या हातात होतं.

आज आईनं सोफ्यावरचं एकेक पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "ते महिन्यापूर्वी आणलेलं जॉर्जियाचं कुठाय? अर्धं राहिलं होतं माझं."

"ड्यू डेट झाली होती. रिटर्न केलं."

"मागे एक रिन्यू केलं होतंस की."

"दुसऱ्या कुणाला तरी हवं होतं, आई."

खोटं बोलणं सुनेत्राला कधीच साधलं नव्हतं. ती रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली. घडी झाली, तरी पुन्हा उलगडून घातली.

"त्यातली मावशी नुकतीच आजारी पडली होती," आई म्हणाली. "पोटानंच."

"हो का?"

"हो का काय!" आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "महिनाभर बघतेय मी. तू आणतेस त्या एकाही पुस्तकात कुणी मरत नाही. मरणं सोड, साधा ताप येत नाही कुणाला. नव्वदीच्या म्हाताऱ्या काय लोणची घालतायत, काय नाचतायत! अगं, दक्षिणेकडची पुस्तकं, आणि एक मयत नाही? लिहिणाऱ्या वेगवेगळ्या आहेत, सुनेत्रा. निवडणारी एकच आहे."

सुनेत्रा सोफ्यावरची पुस्तकं एकावर एक रचू लागली.

"कोण मरतंय?" आईनं विचारलं.

काहीतरीच काय बोलतेस, असं म्हणायचं होतं. रडायचं नाही हेही निमिषशी फोनवर ठरलेलं, पण डोळे कुठले ऐकायला! तिनं तोंड फिरवलं. किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायलाही तिच्यानं उठवेना.

आई लेकीच्या पाठीकडे बघत राहिली. दुसरी शिट्टी झाली.

"बरं, ते राहू दे," आई म्हणाली. आवाज मघापेक्षा मऊ होता. "त्या मावशीचं सांग. तिचा शेवट वाचलायस ना तू?"

"हो."

"फार त्रास झाला का गं तिला?"

पुस्तकातली मावशी तीन प्रकरणं तळमळत होती. पाणी मागत होती, मेलेल्या बहिणीला हाका मारत होती. सुनेत्रानं ते सगळं उभ्याउभ्या वाचलं होतं, एक ओळ न गाळता.

"नाही, आई," ती म्हणाली. "झोपेतच गेली. सकाळची उन्हं आली होती खोलीत. सगळी जवळच होती तिच्या."

आईनं लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटत राहिली.

"म्हणजे हिनंही शेवटी गोडच केलं," ती म्हणाली. "असू दे. या वेळी चालेल मला."